लिंबाजीमामांची उजवी घोडी

आमच्या वयाच्या बायका एकत्र जमल्या की सासरी कुणी काय काय सोसलं याची उतरंड लागते. कुणी डोक्यावर दोन आणि काखेत एक अशा घागरी आणलेल्या असतात, कुणी चाळीस गड्यांच्या भाकरी थापलेल्या असतात. माझी पाळी आली की मी म्हणते, "मी अकरा दिवस घोडी होते." बायका हसतात. त्यांना वाटतं म्हातारी थापा मारतेय. पण हे शब्दशः खरं आहे. झरीला, सासऱ्यांच्या पागेमागच्या आवारात, भर दुपारी, गळ्यात कडब्याची पेंढी शिवलेली गादी अडकवून मी एका तट्टाच्या उजव्या अंगाला चालत असे, आणि मागून लिंबाजीमामा दोघांच्याही राशी, म्हणजे लगामाच्या लांब दोऱ्या, धरून असत. यातलं सोसणं मात्र माझ्या वाट्याला आलं नाही. ते तट्टाच्या आणि मामांच्या वाट्याला आलं. मला हे काम कुणी लावलं नव्हतं, मी हट्टानं मागून घेतलं होतं.

लिंबाजीमामा म्हणजे आमच्या सासऱ्यांचे, आबासाहेबांचे, कोचवान. मी लग्न होऊन झरीला आले तेव्हा ते साठीचे असतील. खारकेसारखा वाळलेला माणूस, आणि गुडघे असे बाहेर वाकलेले की मधून कोंबडी पिलांसकट निघून गेली असती. जन्म झरीचाच, पण उमेदीची बावीस वर्षं हैदराबादेत कुण्या नवाबाच्या पागेत काढलेली. त्या नवाबाचं नाव मला कधी नीट कळलं नाही. मामा दर वेळी सांगत आणि दर वेळी ते एका शब्दानं लांबत जाई. तिथून परत येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक जुना लांब कोट, ज्याची एक गुंडी दुसरीसारखी नव्हती. आणि एक ठाम समजूत, की घोड्यांना मराठी येत नाही.

"मराठी बैलाची भाषा हाय," ते मला समजावून सांगत. "बैल आपल्या घरातला. त्येला शिवी देली तरी त्यो समजून घेतो. घोडा हाय दरबारी मानूस. त्येच्याशी दखनीतच बोलावं लागतंय."

त्यामुळे पागेच्या दाराबाहेर लिंबाजीमामा झरीचे होते आणि आत दखनी उर्दू बोलणारे हैदराबादचे. बाहेर कुणी वाटेत उभं असलं तर "हो की बाजूला, मुडद्या!" आणि आत पाऊल टाकलं की आवाजाला एकदम साखर लागायची. त्यांची म्हातारी घोडी होती, बेगम. बुटकी, दख्खनी, पाठीला जरा बाक आलेली. साज चढवण्याआधी मामा तिच्यासमोर उभे राहून विचारत, "इजाजत है, बेगम?" तिनं मान खाली घातली तर परवानगी मिळाली. झटकली तर मामा बाहेर येऊन तंबाखू मळत बसत. आबासाहेब एकदा तहसिलीच्या कामाला निघायचे म्हणून जोडे घालून ओसरीवर ताटकळत होते. त्यांनी हाक मारली, "लिंबाजी, काय खोळंबा आहे?"

"मालक, बाईंचं अजून मन न्हाई," मामा गंभीरपणे म्हणाले.

आबासाहेबांना सारं गाव वचकून असे. पण ते जोडे काढून परत बसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामांची बायको गिरजाबाई आमच्याकडे दळणकांडणाला येई. ती जात्यावर बसली की हाच विषय. "चाळीस साल झालं, 'अगं'च्या वर मला चढू देलं न्हाई. घोडीला आप म्हनतेत. पुढल्या जलमी घोडीच होते, मंग बगते कसं आप म्हनत न्हाईत ते." आणि मामा बाहेरून उत्तर देत, "आधी मान ताठ ठिवायला शीक."

माणसं पारखायची तरी त्यांची रीत एकच. नवी माणसं आली की ते आधी पायांकडे बघत, मग मानेकडे, मग तोंडाकडे. मी लग्नाच्या वरातीतून उतरले तेव्हा गिरजाबाईनं त्यांना विचारलं होतं, सून कशी आहे. ते म्हणाले, "पाऊल मोकळं हाय. नजर पुढं हाय. तोंड कडक हाय." कडक तोंडाचं जनावर म्हणजे लगाम ओढला तरी न ऐकणारं, हे घोडेवाल्यांना ठाऊक. बायकांमध्ये ते माझ्या रूपाबद्दल बोलणं म्हणून फिरलं. मी तीन दिवस आरशात स्वतःचं तोंड चाचपून बघत होते.

बग्गीला पूर्वी दोन घोडे होते. बेगम उजवीकडे, आणि डावीकडे तिचा जोडीदार. तो जोडीदार माझ्या लग्नानंतर पंधरा दिवसांत पोटशुळानं गेला. बग्गी दोन घोड्यांची, मधे एकच लांब दांडा, त्यामुळे ती एका घोडीच्या जिवावर चालायची नाही. आबासाहेबांनी माळेगावच्या जत्रेत घेतलेलं एक तरणं तट्टू पागेत होतं. ते अजून कशालाच जुंपलेलं नव्हतं. मामांनी त्याचं नाव पाशा ठेवलं होतं. पाशाला सगळ्या जगाची भीती. कोंबडीची, वाळत घातलेल्या लुगड्याची, स्वतःच्या शेपटीचीसुद्धा.

आबासाहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत हे बेगमच्या जोडीला धरलं गेलं पाहिजे. नाही जमलं तर घोडी सेलूच्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो, बग्गी कुणी मागेल त्याला. तुला भाकरी आहेच. शेतातल्या माळ्यावर बसून जोंधळ्याची पाखरं राख."

मामा "जी" म्हणाले. ते पागेत गेले आणि त्या दिवशी जेवायला बाहेर आले नाहीत. गिरजाबाई मला म्हणाली, "पाखरं राखायला बसले ना, तर चार महिन्यात मरतेल बगा. त्येंला पाखराची भाषा येत न्हाई."

आता माझं. माझं माहेर वालूर. तिथं आमच्या आप्पांचं किराण्याचं दुकान आणि थोडी शेती. सासरी बग्गी आहे हे कळल्यापासून मी वालूरच्या मैत्रिणींना निरोपावर निरोप धाडले होते की पहिल्या दिवाळीला मी दोन घोड्यांच्या बग्गीतून येणार. कुणी बाजाराला वालूरला जाणार असलं की मी त्याच्याकरवी हे सांगून पाठवी. एका निरोपात मी घोडे पांढरे केले होते. बेगम विटकरी होती आणि पाशा चिखलाच्या रंगाचा. म्हणजे एका म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य दिवाळीवर टांगलेलं होतं, आणि मला काळजी होती ती घोड्यांचा रंग लोक बघतील याची. चौदा वर्षांची होते, असं म्हणून मी स्वतःला माफ करते. पण चौदा वर्षांच्या इतर मुली इतक्या बावळट नव्हत्या हेही मला माहीत आहे.

मामांनी पाशाला शिकवायला घेतलं ते जुंपून नव्हे. आधी दोघांना एका गव्हाणीत चंदी. चंदी आधी मामा स्वतः चावून बघत, हरभरा कडवट निघाला तर थुंकून टाकत आणि कोठीवाल्याच्या सात पिढ्या मराठीत उद्धरत. मग दोघांना शेजारी बांधून नुसतं उभं करणं. मग पाशाच्या मागं बाभळीचा ओंडका बांधून तो ओढत आवारात फेऱ्या. ओंडका खडखडला की पाशा थरथरे, आणि मामा मागून अगदी हळू म्हणत, "कैकू डरते मियाँ? लकडीच है ना." चार पावलं नीट टाकली की, "हौ बेटे, हौ." हा हौ म्हणजे दखनीतला होकार. शाबास, असंच चल पुढं. चुकलं की "नक्को मियाँ, नक्को." आणि थांबायचं तर "ठैरो जी." पाशाची सारी विद्या या तीन शब्दांची.

दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली, कपाळाला कुंकू लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी बेगमच्या खांद्याला साज घासून जखम झाली. दहाबारा दिवस तिच्यावर काही चढवता येईना. दिवाळी वीस दिवसांवर. पाशाला शेजारी कुणाच्या तरी पावलाची सवय लावायची होती आणि शेजारी कुणी नव्हतं. मामांना मागून राशी धरायच्या. त्यांनी गिरजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी आधीच एका गाड्याला जुपलेली हाय, दुसरा नगं."

मी परसात उभी राहून ऐकत होते. म्हणाले, "मामा, मी येऊ का?"

"तुमी?" मामांनी माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उंची जराशी कमी हाय."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दुपारी जेवणानंतर घटकाभर पडत. तेवढीच वेळ आमची. मामांनी बेगमची जुनी गादी माझ्या गळ्यात घातली, दोन्ही अंगांना दोर अडकवले, पाशाला माझ्या डावीकडे उभं केलं. आणि मग एक नवल झालं. मागून मामांचा आवाज आला, "चलिए बेगम, आप जरा धीरे." मी वळून पाहिलं. ते माझ्याशीच बोलत होते. जन्मात मला आप म्हणणारे ते पहिले. मी इतकी फुगले की तरातरा पुढं निघाले, पाशा बावचळला, दोर माझ्या पायात आले आणि मी शेणात बसले.

"नक्को," मामा शांतपणे म्हणाले.

ते अकरा दिवस मी रोज तीच चूक केली. मला वाटे घोडीनं जोरात ओढायचं असतं. मामा एकदा राशी खाली ठेवून पुढं आले आणि मराठीत बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "सूनबाई, तुमी पुढं पळताव. जोडीत पुढं पळनारा आन् मागं रेंगाळनारा दोघंबी सारखेच. दोघंबी दुसऱ्याच्या खांद्याला जखम करतेत. त्येचं पाऊल कुठं हाय ते बगून आपलं टाका."

"पण मला त्याचं पाऊल दिसत नाही ना, मान वर ठेवायची म्हटल्यावर."

"बगू नका. ऐका. लय बोलताव तुमी, म्हून ऐकू येत न्हाई."

हे संसाराबद्दल आहे, असं नंतर मला पुष्कळांनी सांगितलं. मला तेव्हा ते फक्त पायांबद्दल वाटलं, आणि तेही मी ऐकलं नाही.

त्यांची दुसरी धास्ती म्हणजे माझं "होऽ". आमच्याकडे बैल थांबवायला "होऽ होऽ" म्हणतात. तोंडातच बसलेलं असतं ते. मी दमले, पायात काटा गेला, डोक्यावरचा पदर घसरला, की माझ्या तोंडून निघे "होऽ". आणि पाशाला तो मामांचा "हौ" वाटे. तो खूश होऊन पाऊल उचले आणि मी दोराला लटकत जाई. माणसाच्या कानाला या दोन शब्दांत फरक असेल, तट्टाच्या कानाला नव्हता. मामांनी मला देवाची शपथ घातली. "ते बैलाला. घोड्याला तुमचा 'होऽ' म्हंजे माजा 'हौ'. म्हनू नका. जीभ दाताखाली धरा, पन म्हनू नका."

नवव्या दिवशी आत्याबाई उठल्या आणि मागच्या दारी आल्या. समोर त्यांची नवी सून, गळ्यात गादी, शेजारी तट्टू, दोघंही घामाघूम. मामांनी राशी सोडल्या आणि कोटाच्या गुंड्या लावू लागले. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या. त्या रागावतील, आईबाप काढतील, असं मला वाटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "घोडी झालीस तरी पदर सोडू नये गं." मग पाशाकडे बघून, "याचं पाऊल बरं पडायलंय की." आणि आत जाऊन पुन्हा पडल्या. उरलेले दोन दिवस त्या बरोबर वेळेवर झोपायला जात.

बेगमचा खांदा भरला. दिवाळीच्या आठवडाभर आधी दोघं दांड्याला एकत्र लागली. मामा रोज पहाटे रिकामी बग्गी ओढ्यापर्यंत नेऊन आणत. आल्यावर बोलत काही नसत, पण गिरजाबाईनं सांगितलं की रात्री दोन भाकरी जास्त खातात. माझ्यापुढं मामांनी फक्त एवढंच कबूल केलं की पाशाच्या उजव्या कानाला माझ्यामुळे बडबडीची भीती राहिली नाही.

वसुबारसेच्या दिवशी आम्ही निघालो. पुढं मामा, त्यांच्या कोटाला मी आदल्या दिवशी दोन सारख्या गुंड्या लावून दिल्या होत्या. मागं आमचे हे, जरीचा फेटा बांधून, मांडीवर फराळाची टोपली. शेजारी मी, इतके दागिने घातलेली की घुंगरं बांधलेल्या पाशासारखी वाजत होते. वाटेत बैलगाड्या आल्या, मेंढरं आली, एक सायकलवालाही आला. मामा पुटपुटत होते, पाशाचा कान मागं वळत होता, पाऊल ढळत नव्हतं. एवढ्या वर्षांत इतक्या सुखाची सडक मी पाहिली नाही.

वालूर दिसलं. वेशीच्या अलीकडे विहीर होती आणि विहिरीवर माझ्या मैत्रिणी. घागरी तशाच टाकून सगळ्या उभ्या राहिल्या, बोट दाखवू लागल्या. आणि बग्गी त्यांच्यासमोरून निघून चालली होती. अशीच निघून जाणार होती! त्यांना माझी नवी नथसुद्धा दिसली नसती. मला बग्गी थांबवायची होती, फक्त घटकाभर, नथ दिसण्यापुरती.

मी म्हणाले, "होऽ!"

मामांची मान वळताना मी पाहिली. तो चेहरा माझ्या अजून ध्यानात आहे. पाशानं ती शाबासकी ऐकली आणि चौखूर धाव घेतली. बेगम म्हातारी, पण दरबारी. जोडीदार धावला तर ती मागं कशी राहील? आम्ही पेठेत शिरलो. आमच्या दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आप्पा उपरणं सावरत पुढं आलेले. बग्गी जोरात येतेय हे त्यांनी पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "होऽ होऽ होऽ!" शेजारचे ओरडले. समोरचे दुकानदार गादीवरून उठून ओरडले. सगळं वालूर बैलवाल्यांचं. सगळ्या वालूरला एका सुरात एकच सुचलं, "होऽ होऽ!" आणि पाशाला आयुष्यात एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती. त्याला पंख फुटले. मामा राशी ओढत "ठैरो! ठैरो जी!" ओरडत होते, ते त्या गजरात कुणाला ऐकू येणार? आईनं भाकरतुकडा ओवाळला तो आम्ही गेल्यावर. ह्यांचा फेटा एका तेलीणबाईच्या दारात राहिला. अनारसे पेठभर वाटले गेले. मी मात्र मामांचे शब्द आठवून जीभ दाताखाली धरली होती. आता.

पेठ संपली की पुढं वालूरची बारव. खोल, गोल, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. आम्ही सरळ तिच्याकडे निघालो होतो. मी डोळे मिटले. आणि बग्गी थांबली. डोळे उघडले तर बारवेच्या काठाअलीकडे जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण होती आणि बेगमनं तिच्यात तोंड घातलं होतं. तिला तहान लागली, ती थांबली. पाशानंही तिच्याच पावलाला पाऊल थांबवलं. पुढं एक वीत नाही, मागं एक वीत नाही.

मामा खाली उतरले. मला वाटलं आता मला खाली ओढतील. ते दोन्ही जनावरांच्या पुढच्या पायांपाशी उकिडवे बसले. वाकून बघत होते. मग वर पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धाकले मालक, बगा! चारी खूर एका रेघेत! आवो, जमली की जोडी!"

आमचे हे बोडक्या डोक्यानं म्हणाले, "मला आधी उतरू द्या, मग बघतो."

आम्ही झरीला परतायच्या आधी बातमी पोचली होती. आबासाहेब ओसरीवर बसलेले. मामा समोर उभे, आमचे हे खांबापाशी, मी दाराआड, आत्याबाई दारात.

"जोडी उधळली म्हणे," आबासाहेब म्हणाले.

"उधळली न्हाई मालक. पळाली. उधळलेलं जनावर कुनाचंच ऐकत न्हाई. यांनी ऐकलं."

"कुणाचं ऐकलं?"

मामांनी कोटाची गुंडी चाचपली. आबासाहेबांनी लेकाकडे पाहिलं. लेकानं आपल्या वहाणांकडे. बग्गीत हे माझ्या शेजारीच बसले होते, त्यांनी माझी आरोळी ऐकलेली होती. दोघं पुरुष माझ्यासाठी गप्प उभे होते, आणि दाराआड मला त्याचा अभिमान वाटत होता. इतकी मी मूर्ख.

"बरं," आबासाहेब म्हणाले. "ठरल्याप्रमाणे. घोडी सेलूला पाठवून देऊ. तू उद्यापासून माळ्यावर जा."

मामा "जी" म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या राशी काढल्या, नीट गुंडाळल्या, चामडं कोरडं आहे का ते अंगठ्यानं पाहिलं आणि ओसरीच्या कडेला ठेवल्या. मग ती जागा ओली आहे असं वाटलं म्हणून उचलून दुसरीकडे ठेवल्या. तेवढ्यानं माझं तोंड उघडलं.

"होऽ मी म्हणाले."

सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती. त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं, तरी आत्याबाईंना विचारलं, "काय म्हणते ती?"

"म्हणायली, होऽ तिनंच म्हटलं."

"कशासाठी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कुजबुजले. त्यांनी मोठ्यांदा सांगितलं, "नथ दाखवायची होती."

"कुणाला?"

"विहिरीवरच्या पोरींना."

मग आबासाहेब म्हणाले, "घोड्याला होऽ म्हणू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं की," आत्याबाई म्हणाल्या. "अकरा दिवस घोडी होती ती."

"कोण घोडी होती?"

मग आत्याबाईंनी सगळं सांगितलं, गादी, दोर, शेण, सगळं. मला वाटलं होतं त्या झोपत असत. त्यांना मी किती वेळा पडले तो आकडासुद्धा पाठ होता. आबासाहेब उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून खोकल्यासारखा आवाज बराच वेळ येत होता.

सकाळी मी अंगणात सडा घालत होते. मामा आपली घोंगडी आणि गोफण घेऊन पागेच्या दाराशी उभे, आत जायचं धैर्य होत नव्हतं. आबासाहेब जोडे घालून आले. म्हणाले, "लिंबाजी, मला परभणीला जायचं आहे. बाईंना विचार, नेतात का."

मामा गोफण हातात तशीच घेऊन आत गेले. बराच वेळ लागला. मग आतून त्यांचा आवाज आला, "मालक, चला म्हनतेत."

त्यानंतर पुष्कळ वर्षं ती जोडी चालली. मी बाळंतपणांना वालूरला गेले ती तिच्यातूनच, आणि बग्गी वेशीत शिरली की तिथली पोरं दोन्ही हातांनी तोंड गच्च धरून रस्त्याच्या कडेला उभी राहत. माझ्या माहेरात माझा एवढाच मान. बेगम म्हातारपणानं गेली, तेव्हा पाशा उजवीकडे आला आणि त्याच्या डावीकडे नवं तट्टू. तेही मामांनीच शिकवलं. मी विचारलं, "मामा, येऊ का?" तर म्हणाले, "नगं. ह्ये जरा हुशार हाय."

निजामाचं राज्य गेलं त्या साली गावात नवी टोपी घातलेला एक तरुण मामांना म्हणाला, "आता तरी घोड्यांशी मराठीत बोला. आपलं राज्य आलंय." मामांनी पाशाचा खरारा चालूच ठेवला. म्हणाले, "कुनी सांगितलंय व्हय ह्येला, राज्य बदललं म्हून? मंग उगं कामून घाबरवायचं?"

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांची नजर पुरती गेली. गाडीवर दुसरा माणूस बसू लागला. मामा सकाळी उन्हाला ओसरीखाली बसत, अंगावर तोच कोट. एकदा मी घाईघाईनं बाहेर आले, त्यांना काहीतरी सांगायचं होतं, काय ते आता आठवत नाही. बग्गी नुकतीच फाटकातून निघाली होती.

"मामा," मी म्हणाले.

त्यांनी हात वर केला. "थांबा सूनबाई. ऐकू द्या."

खुरांचा आवाज वेशीकडे चालला. चढणीवर नवं तट्टू अर्धं पाऊल मागं पडलं, तेवढं मलाही कळलं. मामांची दुसऱ्या हाताची बोटं गुडघ्यावर हळूच आखडली, रास खेचावी तशी. मग आवाज जुळला, आणि बोटं सुटली. बग्गी वळणाआड गेली, धूळसुद्धा बसली. त्यांचा हात अजून वरच होता. मी बोलले नाही.